नव्वदाव्या दिवसाची वाट पाहू नका

“हप्ता थकलाय ना? मग फोन उचलायचाच नाही. खातं एकदा एनपीए होऊ द्या, बँक आपण होऊन येते आणि निम्म्यात मिटतं.” छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीतल्या चहाच्या टपऱ्यांवर हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. वाळूज आणि चिकलठाण्यातल्या लहान कारखानदारांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा. त्यामुळे हा सल्ला मानणाऱ्यांचं पुढे काय होतं तेही माझ्याच वहीत उतरतं. माझ्या मते थकलेल्या माणसाला याहून घातक सल्ला दुसरा नाही.

तरी सल्ला देणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. त्यांचं पहिलं म्हणणं असं की बँक लहान माणसाचं ऐकतच नाही. या शहराला त्याचा पुरावा बाहेरून आणावा लागत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या धनिकांनी एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा ६५ कोटींचा होता, आणि त्यातलं मोठं कर्ज स्टेट बँकेनं ७ टक्क्यांनी दिलं होतं. त्याच काळात ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला १२ टक्के आणि त्याहूनही जास्त व्याज पडत होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा यावर लिहिलं होतं, आणि ती चीड खरी होती. दुसरं म्हणणं, घसघशीत सूट मिळते ती बुडीत खात्यालाच. वेळेवर रडत-पडत भरणाऱ्याला कोणी पैशाची सूट देत नाही. तिसरं, आपण होऊन अडचण सांगितली की बँक सावध होते आणि आहे ती लिमिटही आवळते.

यातलं पहिलं म्हणणं मी मान्य करतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. ज्याची ओळख आहे त्याचं काम फोनवर होतं. ज्याची नाही त्याच्या हातात लेखी नियम एवढंच हत्यार असतं, आणि ते कागद दिल्याशिवाय चालत नाही. फोन बंद करून बसणारा माणूस तेच हत्यार खाली ठेवतो.

आता दिवस मोजू. समजा ३१ मार्चचा हप्ता चुकला आणि पुढेही काहीच भरलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबानं खातं ३० एप्रिलला धोक्याच्या दुसऱ्या पायरीवर जातं, ३० मेला तिसऱ्या, आणि नव्वद दिवस उलटून २९ जूनला एनपीए, म्हणजे बुडीत, होतं. २८ जूनपर्यंत मार्चचा एक हप्ता जरी भरला, तरी मोजणी एप्रिलच्या हप्त्यापासून धरली जाते आणि खातं वाचतं. २९ जूननंतर मात्र एका हप्त्यानं काहीच होत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकानं हे साफ केलं आहे: मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरेपर्यंत खातं पुन्हा नियमित धरलं जात नाही. आदल्या दिवशी एका हप्त्यानं भागलं असतं, दुसऱ्या दिवशी सगळी थकबाकी लागते. ज्याला एक हप्ता जड जातो, त्याला हा सल्ला कुठे नेऊन सोडतो ते यात दिसतं.

बँकेचंही यात अडकलेलं असतं. खातं एनपीए झालं की तारण असलेल्या कर्जावरही सुरुवातीलाच १५ टक्के तरतूद करावी लागते. म्हणजे नव्वदाव्या दिवसापर्यंत शाखाधिकाऱ्यालाही ते खातं जिवंत राहायला हवं असतं. तुमच्या शब्दाला वजन असतं ते तेव्हा. नंतर फाइल वसुली विभागात जाते, आणि तिथे तुम्हाला ओळखणारं कोणी नसतं.

लिमिट आवळण्याची भीती घेऊ. ती अगदीच खोटी नाही. पण पडलेला हप्ता बँकेच्या संगणकाला त्याच रात्री कळतो, तो लपवणार कसा? उलट लहान उद्योगांसाठी २०१६ पासून रिझर्व्ह बँकेची पुनरुज्जीवनाची चौकट आहे. २५ कोटींपर्यंतच्या कर्जाचा उद्योजक खातं बुडण्याआधी स्वतः अर्ज करू शकतो. कर्ज १० लाखांच्या वर असेल तर तो अर्ज बँकेच्या समितीपुढे जातो. प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १ ऑगस्ट २०२४ ला सांगितलं की ही चौकट बँकांवर बंधनकारक आहे. त्याच निकालात कर्जदारालाही बजावलं आहे की हे सगळं खातं एनपीए होण्याआधी घडलं पाहिजे, तुम्ही कागदपत्रांसह वेळेवर पुढे या. जप्तीपर्यंत गप्प राहून मग हा हक्क सांगता येणार नाही. टपरीवरच्या सल्ल्याचं याहून स्पष्ट खंडन मला माहीत नाही.

आणि ती ‘निम्म्यात मिटवणारी’ तडजोड? एकरकमी तडजोड कर्जदार हक्क म्हणून मागू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्येच म्हटलं आहे. ती मिळाली तरी पैसे एकरकमी लागतात, म्हणजे प्लॉट विका नाहीतर घरातलं सोनं मोडा. पतनोंदीवर ‘सेटल्ड’ हा शिक्का बसतो, तो वेगळाच.

गेल्या पावसाळ्यात एक जॉबवर्कवाला माझ्यासमोर बसला होता. त्याचा मोबाइल टेबलावर पालथा पडलेला, आणि दर दहा मिनिटांनी टेबल थरथरायचं. तो फोनकडे बघायचा नाही, माझ्याकडेही बघायचा नाही. मी खात्याचा उतारा काढला. त्रेपन्नावा दिवस होता. दोन हप्ते थकलेले, आणि ज्या मोठ्या कारखान्याला तो माल देत होता त्यांनी चार महिने बिल अडकवलेलं. कायद्यानं लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायला हवं. आम्ही एक पानी अर्ज लिहिला: हप्ता का थकला, कोणाकडून किती येणं आहे, हातात कोणत्या ऑर्डरी आहेत, कोणत्या तारखेला किती भरेन. बिलांच्या प्रती जोडल्या. शाखेत साहेब म्हणाले, बघू. आम्ही अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागून घेतला. व्याजात एक पैसा कमी झाला नाही. पण थकलेले दोन हप्ते चार महिन्यांत फेडायची लेखी मुभा मिळाली आणि दंडातली काही रक्कम सुटली. चमत्कार घडला नाही, मशीन मात्र चालू राहिलं.

असा अर्ज देताना पेलेल तेवढंच लिहावं. पाळता न येणारी तारीख देण्यापेक्षा लहान रक्कम बरी. एक-दोन हप्ते मागे राहिलेला माणूस पुढे दर महिन्याला इमानानं हप्ता भरतो, तरी तो जुन्या हप्त्यापोटी जमा होतो आणि खातं मागेच राहतं. म्हणून चालू हप्त्यावर थोडी जास्तीची रक्कम ठरवून घेणं गरजेचं. दंडाकडेही बारकाईनं बघा. २०२४ पासून बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना दंडव्याज लावता येत नाही. फक्त दंडाची रक्कम आकारता येते, आणि तिच्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करणंही नियमाविरुद्ध आहे. पतसंस्थांना मात्र हे नियम लागू नाहीत, त्या सहकार खात्याखाली येतात.

धंदा खरोखरच मेला असेल, तर एकरकमी तडजोडच योग्य, हेही मी मोकळेपणी सांगतो. ती लेखी घ्या. पैसे पूर्ण भरल्यावर तारणाची कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत, त्यापुढे दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. आणि नव्वद दिवस उलटून जप्तीआधीची साठ दिवसांची नोटीस आली असेल, तर ती कपाटात टाकू नका. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताबा घ्यायला आले तर ४५ दिवसांत दाद मागता येते. त्यासाठीचं कर्जवसुली न्यायाधिकरण आपल्याच शहरात आहे, मुंबईला जावं लागत नाही.

हप्ता थकणं म्हणजे बेइमानी नव्हे. बिल अडकतं, घरात आजारपण येतं, पाऊस दगा देतो. फोनपासून तोंड चुकवण्याची गरज नाही. तुमचा हप्ता चुकला असेल तर आजच उतारा काढा, कितवा दिवस आहे ते मोजा, आणि उद्या सकाळी अर्जाच्या दोन प्रती घेऊन शाखेत जा. एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.