शून्यापासून मोजायचं

गेल्या महिन्यात मगरिबनंतर दार वाजलं. जामनेरच्या आमच्या मोहल्ल्यातल्याच एक भाभी होत्या. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग त्या मुद्द्यावर आल्या. "आपा, लडकी आप की बात सुनती है. आप ही समझाओ."

लडकी म्हणजे आमची जुनी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत उर्दू शाळेत ती आमच्याकडे उर्दू आणि मराठी शिकली. पुढे सायन्सला गेली, फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाली, सेट परीक्षा पास झाली. आता दोन वर्षं ती जळगावच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या मुलांना फिजिक्स शिकवते. ऐकायला छान वाटतं. पण काम तासिका तत्त्वावरचं. जेवढे तास तेवढे पैसे, तेही महिन्याच्या महिन्याला हातात पडतीलच असं नाही. परीक्षा, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे कोरडे महिने. एसटीचं भाडं जाऊन काय उरतं, ते भाभींनी बोटांवर मोजून दाखवलं. त्यासाठी दुसरा हात लागला नाही.

त्यात स्थळ आलेलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. त्यांचं म्हणणं एवढंच, की रोजची जळगावची ये-जा नको. बी.एड. करून गावातल्या शाळेत लागली तर कुणाची हरकत नाही. आम्ही स्वतः बी.एड. करून शाळेत लागलो, म्हणून हे सांगायला आमच्याइतकं योग्य माणूस नाही, असं भाभींना वाटलं. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं.

पुढच्या बुधवारी रजा टाकून आम्ही एसटीनं नेरीमार्गे जळगावला गेलो. काय बोलायचं ते वाटेत मनाशी जुळवून ठेवलं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिचं प्रॅक्टिकल सुरू होतं. "आपा, तुम्ही बसा, अर्ध्या तासात संपेल," असं म्हणून तिनं आम्हाला प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक स्टूल दिलं. मुलं चार-चारच्या गटात उभी होती. दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच. हा लंबकाचा प्रयोग. लंबकाची लांबी मोजायची, वीस झोके व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं आणि त्यावरून पृथ्वी वस्तूंना किती त्वरणानं खाली ओढते ते काढायचं. उत्तर सेंटीमीटरमध्ये साधारण 980 यायला हवं, हे पुस्तकात छापलेलंच असतं.

आणि तिथेच खरी गंमत आहे, असं ती नंतर म्हणाली. उत्तर आधीच माहीत असलं की मुलं आकडे उलटीकडून तयार करतात. 980 येण्यासाठी वेळ किती हवा ते गणित करून वहीत लिहून टाकतात. वही सुंदर दिसते, पण लंबकाकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

त्या दिवशी एका मुलानं वही आणून दाखवली. उत्तर होतं 1082. मागची दोन मुलं हसली. एकानं हळूच सांगितलं, "अरे, टाइम वाढव ना थोडा." तो मुलगा तसाच उभा राहिला. "मॅडम, तीनदा केलं. तीनदा एवढंच येतं."

आम्ही पंचवीस वर्षं शिकवण्यातच असल्यासारखे आहोत. आमची जीभ वळवळली. शाळेत आम्ही चूक दिसली की लाल पेन काढतो. हिनं वहीवर काहीच लिहिलं नाही. म्हणाली, "तीनदा तेच येतंय म्हणजे काहीतरी आहे. लांबी पुन्हा मोज." त्यानं मोजली. गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. "आता वेळ मोज." 38.2 सेकंद. "पुन्हा." पुन्हा 38.2. ती शेजारी उभी राहून नुसती पाहत होती. बाकीचे गट आवरून निघून गेले. अर्ध्या तासाचा एक तास झाला. आम्ही मनात म्हटलं, या जास्तीच्या अर्ध्या तासाचे हिला कोण पैसे देणार?

शेवटी ती म्हणाली, "आता मोठ्यानं मोज. मलाही ऐकू दे."

मुलानं गोळा बाजूला ओढून सोडला, स्टॉपवॉच दाबलं आणि म्हणाला, "एक." गोळा जाऊन परत आला. "दोन." असं करत "वीस" म्हणून त्यानं स्टॉपवॉच थांबवलं. मग एकदम त्याचा चेहरा बदलला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा गोळ्याकडे पाहिलं. "मॅडम, सोडताना तर एकही झोका झालेला नसतो. मी एकोणीसच मोजतोय."

"मग काय करायचं?"

"शून्यापासून मोजायचं."

या वेळी 40.2 सेकंद आले. त्यानं गणित केलं. 977. त्या मुलाचा चेहरा आम्ही पाहिला आणि मग तिचा पाहिला. कुणाचा आनंद मोठा होता ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर आम्ही बाहेर कडुलिंबाखाली डबा उघडून बसलो. आम्ही विचारलं, "त्याची चूक तुला पहिल्यांदाच कळली होती ना?"

"आकडा पाहूनच, आपा. एकोणीसला वीस म्हटलं की उत्तर असंच फुगतं. पण मी सांगितलं असतं तर त्याला फक्त उत्तर मिळालं असतं. आता तो आयुष्यभर काहीही मोजताना आधी विचारेल, की शून्य कुठे आहे."

मग ती बोलत राहिली आणि आम्ही ऐकत राहिलो. रोजच्या कामातल्या छोट्या छोट्या गोष्टी ती सांगत होती. भिंगाचा धडा घ्यायचा असला की ती पर्समधून अख्खा मसूर काढते. उर्दूत भिंगाला अदसा म्हणतात, हा शब्द अरबीतल्या अदस म्हणजे मसूर यावरून आला. इंग्रजीतला लेन्स हा शब्दही लॅटिनमधल्या मसुराच्या नावावरून आला. दोन्हीकडच्या लोकांना मध्ये जाड आणि कडेला पातळ काच पाहून स्वयंपाकघरातली तीच डाळ आठवली. मुलं मसुराचा दाणा बोटात धरून पाहतात. मग बहिर्वक्र भिंगाची आकृती त्यांना पाठ करावी लागत नाही.

ती बसल्या जागेवरून बोट दाखवत म्हणाली, "हे पाहा आपा." कडुलिंबाच्या सावलीत जमिनीवर उजेडाचे गोल गोल ठिपके पडले होते. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, मग ठिपके गोल का? कारण प्रत्येक बारीक फट सूर्याचं चित्र खाली टाकते. ग्रहणाच्या वेळी हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. ग्रहणाचा उजेड बारीक छिद्रातून आत आला की कसा दिसतो, याचा अभ्यास हजार वर्षांपूर्वी कैरोत राहून इब्न अल-हैसम यांनी केला होता. त्यांच्या किताब अल-मनाझिर या ग्रंथाचं पुढे लॅटिनमध्ये भाषांतर झालं आणि युरोपातले अभ्यासक कित्येक शतकं तो वाचत राहिले. तिच्या वर्गात सगळ्या समाजांची मुलं आहेत. हे ती सगळ्यांना सांगते, मोठेपणा मिरवायला नाही, तर पुस्तकातल्या नियमामागे कुणीतरी अंधाऱ्या खोलीत बसून पाहणारं माणूस होतं हे कळावं म्हणून.

उन्हाळ्यात ती माठ घेऊन येते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं आणि वाफ होऊन जातं. एक ग्रॅम पाणी वाफ होताना साधारण 2400 ज्यूल उष्णता सोबत नेतं. तेवढ्यात आतलं शंभर ग्रॅम पाणी साडेपाच अंशांहून जास्त थंड होतं. मग ती विचारते, आपल्या जळगावच्या कोरड्या उन्हात माठ इतका गार, तर मुंबईच्या मामाकडे तोच माठ कोमट का? उत्तर यायला कधी दोन मिनिटं लागतात, कधी दहा. "ती दहा मिनिटं वर्गात शांतता असते ना, आपा, ती मला फार आवडते."

आम्हाला तिचं अकरावीचं वर्ष आठवलं. दहावीपर्यंत सगळं विज्ञान उर्दूतून झालेलं. कुव्वत, रफ्तार, तवानाई, इनइकास हे शब्द तिला येत होते. अकरावीला तीच मंडळी फोर्स, व्हेलॉसिटी, एनर्जी आणि रिफ्लेक्शन अशी नावं घेऊन समोर आली आणि ती बावरली. शेजारच्या मराठी शाळेतल्या मुली बल, वेग, ऊर्जा, परावर्तन म्हणत होत्या, त्यांचीही तीच गत. तेव्हा ती रडत आमच्याकडे आली होती. फिजिक्स आम्हाला येत नव्हतं, भाषा येत होत्या. आम्ही एका वहीत तीन रकाने पाडून दिले: उर्दू, मराठी, इंग्रजी. बस, एवढंच केलं.

विज्ञानाआधी भाषाच आडवी येते, हे मोठ्या संस्थांनीही ओळखलेलं आहे. मुंबईत 1974 साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं त्याच दशकात आपल्याच जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात प्राथमिक शाळांमध्ये विज्ञान शिकवण्यावर काम केलं. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली तर काय फरक पडतो, हेही त्या केंद्रानं अभ्यासलं. आणि आपल्या विद्यापीठाचं नावच पाहा. 15 ऑगस्ट 1990 रोजी सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी आपल्या बोलीत त्यांनी जे रचलं ते आज पदवीला शिकवतात. बोलीत समजलेलंच मनात मुरतं.

ती आजही फळ्यावर तीन रकाने पाडते. आम्हाला हे त्या दिवशी कळलं.

डबा संपला तेव्हा आम्ही घरून आणलेलं बोलणं शोधू लागलो. ते सापडलं नाही. पण भाभींना शब्द दिला होता, आणि खोटं बोलणं आम्हाला जमत नाही. म्हणून आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हे काम सोड असं आम्ही म्हणणार नाही. दुसरी, आनंदावर पोट भरत नाही, आणि शिकवणाऱ्याला शिकवण्यात आनंद मिळतो म्हणून त्याला कमी पैसे दिले तरी चालतात, असं मानणाऱ्यांना तू साथ देऊ नकोस. पीएच.डी.ला अर्ज कर, कायम जागेची जाहिरात आली की अर्ज कर, किती वर्षं वाट पाहायची ते आज ठरव आणि घरी स्पष्ट सांग. तिनं थोडा विचार केला. "तीन वर्षं, आपा. तीन वर्षांत नाही झालं तर बी.एड. करीन. तिथेही मुलंच असतील."

परत आल्यावर आम्ही सरळ तिच्या घरी गेलो. तिचे अब्बा मोटारी भरण्याचं काम करतात. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुकानात येतात, ते जुनी तार काढतात, नवी तांब्याची तार गुंडाळतात, वॉर्निश लावतात. आम्ही त्यांना लंबकाची गोष्ट सांगितली. ते गप्प होते. भाभी म्हणाल्या, "आपा, हे सगळं ठीक, पण स्थळाला काय सांगू?"

आम्ही म्हटलं, जे आहे ते सांगा. मुलगी शिकवते, त्यात खूश आहे, तीन वर्षं मागते. पैसे आज कमी आहेत, हेही सांगा. ज्यांना हे ऐकून घेता येईल, त्यांच्याच घरी तिला सुखानं राहता येईल. मुलाच्या नोकरीत पैसा मोजतो, तसं कामातलं समाधानही मोजा. आपण मुलींच्या बाबतीत हा आकडा धरतच नाही. मग एकोणीसला वीस म्हणावं लागतं आणि उत्तर चुकतं.

मग आम्हाला एक गोष्ट आठवली आणि आम्ही सहज बोललो. "तुमच्या दुकानातली एक जळालेली मोटारही तिनं वर्गात नेली होती. एक फेज गेला की उरलेल्या तारांतून करंट वाढतो. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, म्हणून मोटार जळते, हे तिनं मुलांना त्या काळ्या पडलेल्या तारांवरून दाखवलं. अब्बा रोज हेच काम करतात, असंही सांगितलं."

अब्बांनी पहिल्यांदा मान वर केली. "मेरी मोटर? कॉलेज में?"

"हो."

ते उठले, आत गेले. थोड्या वेळानं नुकतीच भरलेली, चकचकीत तांब्याची एक छोटी मोटार घेऊन आले आणि आमच्यासमोर ठेवली.

"उससे बोलो ये ले जाए. जली हुई में बच्चों को क्या दिखेगा?"