स्निग्ध वाहकाचा विद्युद्भार आणि आपलीं गुरें

घोडबंदर रस्त्यालगत गायमुखाच्या बाजूस खाडीकांठीं ज्यांनीं पावसाळे काढले आहेत, त्यांस गाळाची रीत ठाऊक आहे. मातीचा बारीक कण गोड्या पाण्यांत तासन्‌तास तरंगतो. तेंच पाणी खाऱ्यास मिळालें कीं कण एकत्र होऊन तळाशीं बसतात. चिकण मातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो, आणि सारखे भार परस्परांस लोटतात. मिठांतील धनभार ह्या लोटण्यास आंवर घालतात. महसूल खात्यांत असतांना खाजण जमिनींचे पुष्कळ कागद मीं हाताळले, परंतु ह्या कारणाचा शब्द त्यांत कोठें नव्हता. ह्याच ऋणभारामुळें आपल्या शेतांत पोटॅश टिकतें व नायट्रेट पावसाबरोबर निघून जातें.

हाच धर्म आज लसींच्या कामीं येत आहे. जनुकाचें द्रव्य, मग तें डीएनए असो वा आरएनए, ऋणभारित असतें. पेशीचा बाह्य पापुद्राहि बहुतांशीं तसाच. तेव्हां तें द्रव्य आपण होऊन आंत शिरत नाहीं. सन १९८७ मध्यें अमेरिकेंत फिलिप फेल्गनर व त्यांचे सहकारी ह्यांनीं धनभारित स्निग्ध द्रव्याचे सूक्ष्म गोळे करून त्यांस डीएनए चिकटविला व तो पेशींत पोंचविला. प्रयोगशाळेच्या भांड्यांत युक्ति साधली. रक्तांत मात्र पंचाईत झाली. तेथील ऋणभारित प्रथिनें ह्या गोळ्यांभोंवतीं जमतात, खाडींतल्या गाळाप्रमाणें गुठळ्या होतात, आणि भार फार असल्यास पेशीसच इजा पोंचते.

पुढें भार बदलणारीं स्निग्ध द्रव्यें निघालीं. रक्ताचा सामू सुमारें ७.४, तेथें तीं जवळजवळ भारहीन असतात. पेशीनें तो गोळा गिळून आपल्या आम्ल पिशवींत घेतला, कीं त्यांवर धनभार चढतो, पिशवी फुटते व आंतील द्रव्य मोकळें होतें. सन २०१८ मध्यें अमेरिकेंत मान्य झालेलें पॅटिसिरान हें औषध ह्याच रीतीचें. सन २०२० मध्यें टेक्सासांतील संशोधकांनीं उंदरांवर दाखविलें कीं, अशा गोळ्यांत कायम धनभाराचें द्रव्य वाढविलें तर माल फुप्फुसाकडे जातो, ऋणभाराचें मिसळलें तर प्लीहेकडे, आणि कांहींच न मिसळतां तो यकृतांत उतरतो. भार हा जणूं पार्सलावरील पत्ताच होय.

पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या आरएनए लसीस जून २०२२ मध्यें सरकारची परवानगी मिळाली. जून २०२३ मध्यें ओमायक्रॉनवरील दुसरी आली. तींत वाहक कायम धनभाराचा, आरएनए त्याच्या पृष्ठभागावर धरलेला. ती सुईवांचून कातडींत दिली जाते व २ ते ८ अंशांत टिकते. परदेशच्या फायझर लसीस प्रारंभीं उणे ७० अंशांच्या आसपास थंडी लागे, हें ध्यानांत घ्यावें.

कायम धनभाराचा वाहक जुना व अपायकारक, म्हणून तो टाकून द्यावा, असें म्हणणारी मंडळी आहेत. मला हें मान्य नाहीं. शिरेंतून जाणाऱ्या औषधाचा दोष कातडींत टोंचलेल्या लसीच्या माथीं मारणें म्हणजे खाजणाचा आकार माळजमिनीवर बसविण्यासारखें आहे. मात्रा किती, टोंचणी कोठें, हें पाहिल्यावांचून निवाडा होत नाहीं.

आपला स्वार्थ गुरांचा आहे. सन २०२२ च्या लंपी साथींत आपल्या गाईबैलांस शेळ्यांच्या देवीची लस टोंचून निभावावें लागलें. आरएनए लसीचा संदेश नव्या रोगासाठीं लवकर बदलतां येतो. अडतें तें वाहकापाशीं व थंडीपाशीं. मुरबाड-शहापुराच्या पाड्यावर वीज गेली कीं शीतपेटींतील बर्फ किती वेळ पुरणार? कोरडी भुकटी करून टिकणारा व कातडींत चालणारा वाहक गुरांसाठीं तयार व्हावा, आणि त्याची पारख दुभत्या जनावरांवर व आपल्या उन्हाळ्यांत व्हावी, अशी मागणी आपल्या संघानें पशुसंवर्धन खात्याकडे लेखी करावी. ज्यांच्या दावणीस वीस जनावरें आहेत, त्यांनीं अर्जावर पहिल्या सह्या द्याव्या.