आसामचा चहा शोधला कुणी?



सकाळी चहाचं आधण उकळायला लागलं, की सगळ्या घराला जाग येते. त्याच चहाबद्दल आपल्या एका वाचक मैत्रिणीनं पत्रातून विचारलंय, ‘सामान्यज्ञानाच्या पुस्तकात लिहिलंय, की आसामातल्या चहाचा शोध ब्रूस नावाच्या साहेबानं लावला. मग त्याआधी तिथे राहणाऱ्या कुणालाच तो माहीत नव्हता का?’

शाब्बास! प्रश्न फार छान आहे. उत्तर मिळण्यासाठी आधी या ब्रूससाहेबाची ओळख करून घ्यायला हवी.

चार्ल्स अलेक्झांडर ब्रूस १८०९ साली इंग्लंडहून बोटीनं निघाला, तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता. म्हणजे तुमच्या दहावीतल्या दादाएवढा! ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘विंडहॅम’ जहाजावर तो शिकाऊ अधिकारी होता. त्या वेळी इंग्रज आणि फ्रेंच यांचं युद्ध चालू होतं. फ्रेंचांनी हे जहाज एकदा नाही, दोनदा पकडलं. ब्रूस कैदी झाला. संगिनीच्या धाकानं त्याला मॉरिशस बेटावरून पायी चालवलं गेलं. १८१० मध्ये इंग्रजांनी ते बेट जिंकलं, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. पुढे जावा बेटावरच्या मोहिमेतही तो होता.

१८२४ साली इंग्रज आणि ब्रह्मदेश यांच्यात युद्ध पेटलं. ब्रूसला तोफा बसवलेल्या होड्यांचा प्रमुख करून आसामात पाठवलं गेलं. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला सदिया नावाचं ठिकाण आहे. तिथे त्याचा तळ पडला.

आता गंमत पाहा. त्याचा भाऊ रॉबर्ट व्यापारासाठी आधीच आसामात आला होता. मणिराम नावाच्या एका आसामी माणसानं त्याला सांगितलं, की इथले सिंगफो लोक रानातल्या एका झाडाची पानं उकळून पितात. १८२३ मध्ये रॉबर्ट सिंगफोंचा प्रमुख बीसा गाम याला भेटला आणि झाडं मिळवून द्यायचं ठरलं. पण थोड्याच काळात रॉबर्ट वारला. झाडं आणि बिया आल्या त्या चार्ल्सच्या हाती.

सिंगफो लोक चहा कसा करत, हे पुढे चार्ल्सनंच लिहून ठेवलं. कोवळी पानं खुडायची, थोडी उन्हात सुकवायची, तापल्या भांड्यात परतायची. मग ती पोकळ बांबूत काठीनं ठासून भरायची. भरताना बांबू विस्तवावर फिरवत राहायचं. शेवटी तोंड पानांनी बांधून तो बांबू झोपडीत धुराच्या जागी टांगून ठेवायचा. असा चहा कित्येक वर्षं टिकायचा!

कलकत्त्याच्या तज्ज्ञांना मात्र हा खरा चहा आहे, हे पटेना. अखेर १८३४ मध्ये सरकारच्या चहा समितीनं ते मान्य केलं आणि १८३६ मध्ये ब्रूस सरकारी चहामळ्यांचा मुख्य देखरेख अधिकारी झाला. तोफा सुटल्या, हाती झाडं आली! पण विकण्याजोगा चहा बनवायचा कसा, हे त्याला कुठे ठाऊक होतं? त्यानं लाज बाळगली नाही. चीनहून आणलेल्या कारागिरांना दुभाष्यामार्फत तो प्रश्नावर प्रश्न विचारत गेला आणि १८३८ साली ती सगळी माहिती छापली. गावकऱ्यांकडूनही तो शिकला. त्यांनी भातशेतीसाठी चहाची झाडं तोडून जाळली, तर बुंध्यांतून दाट नवे कोंब फुटले. हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. चिनी झाडंच चांगली, असं मोठे शास्त्रज्ञ म्हणत होते. पण ब्रूसचा भरवसा आसामच्या झाडांवर होता आणि शेवटी तोच खरा ठरला.

१० जानेवारी १८३९ रोजी लंडनमध्ये आसाम चहाच्या ८ पेट्यांचा लिलाव झाला. एका पौंडाला, म्हणजे जवळजवळ अर्ध्या किलोला, १६ ते ३४ शिलिंग असा भाव मिळाला. त्या काळी ही रक्कम भलतीच मोठी होती! त्याच वर्षी ‘आसाम कंपनी’ निघाली.

आणि मग भांडण लागलं. आसामातला चहा पहिल्यांदा मीच सापडवला, असं लेफ्टनंट चार्ल्टन नावाचा आणखी एक सैनिक म्हणू लागला. दोन साहेबांत वाद! पण ज्यांच्या रानातून ती झाडं आली, त्या सिंगफोंना कुणी विचारलंच नाही. १८४१ साली कलकत्त्याला आसाम चहाचा लिलाव झाला, त्यात निंग्रूला या सिंगफो प्रमुखानं तयार केलेल्या ३५ पेट्या होत्या. पण हळूहळू रानं मळ्यांखाली गेली. १८४३ मध्ये सिंगफोंनी उठाव केला, तो इंग्रजांनी मोडून काढला.

मणिरामचं काय झालं? तो आसाम कंपनीचा दिवाण झाला. पुढे नोकरी सोडून त्यानं जोरहाटजवळ स्वतःचे चहामळे लावले. १८५७ च्या उठावात सामील झाल्याबद्दल इंग्रजांनी २६ फेब्रुवारी १८५८ रोजी त्याला फाशी दिली आणि त्याचे मळे लिलावात विकून टाकले. ब्रूस मात्र १८७१ साली तेजपूरला म्हातारपणी वारला.

तेव्हा मैत्रिणी, तुझी शंका अगदी बरोबर आहे. ब्रूस खोटारडा नव्हता की आळशी नव्हता. त्यानं मेहनत केली, विचारून विचारून शिकला आणि चहाचा मळा उभा करून दाखवला. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण ‘शोध’? सिंगफोंना ते झाड पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. आसाम आणि अरुणाचल प्रदेशात ते लोक अजूनही बांबूतला चहा करतात. त्याला ते ‘फालाप’ म्हणतात.

यापुढे पुस्तकात ‘अमक्यानं शोध लावला’ असं वाचलंत, की आणखी एक प्रश्न विचारायचा : त्याला ते दाखवलं कुणी? आज आईबाबांचा चहा होईल, तेव्हा त्यांनाही ही गोष्ट सांगा. बघा, त्यांना तरी बीसा गामचं नाव माहीत आहे का!