किलोमीटर, कॅलेंडर आणि गल्ला
ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका फटक्यात दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी झाल्या आणि मराठवाड्याची देशभर चर्चा झाली. उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक एकत्र आले, त्यांनी घाऊक सवलत पदरात पाडून घेतली, बँकेनेही सवलतीच्या व्याजदराने कर्ज दिले आणि सुमारे ६५ कोटी रुपयांचा हा सौदा मागास म्हणून हिणवल्या जाणाऱ्या विभागाच्या नव्या सुबत्तेचे प्रतीक ठरला. कोणती गाडी कितीला घेतली याची चर्चा तेव्हा रंगली. ती गाडी पुढची दहा वर्षे कोण, कोठे आणि कोणत्या दराने सांभाळणार, हा प्रश्न मात्र कोणाला पडला नाही. आज तो पडू लागला आहे. वेगवान, टर्बो इंजिनाच्या महागड्या मोटारी आता बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही दिसतात. त्यांचे मालक खरेदीच्या वेळी जेवढे चोखंदळ असतात, तेवढे सर्व्हिसिंगच्या बिलावर सही करताना नसतात.

बीडची अडचण इतर शहरांहून थोडी निराळी आहे. या जिल्हा मुख्यालयाला पहिली प्रवासी रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर पिढ्यानपिढ्या येथील सारे दळणवळण रस्त्यावरच चालले. तरीही महागड्या परदेशी बनावटीच्या मोटारीच्या मालकाला अधिकृत सेवाकेंद्रासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. संभाजीनगर म्हटले तरी जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरचा प्रवास झाला. एवढ्या लांब आलेल्या ग्राहकासमोर सल्लागार जॉब कार्ड ठेवतो. त्यावर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, गिअर ऑइल, डिफरन्शियल ऑइल आणि शिवाय ‘इंजिन फ्लश’, ‘इंजेक्टर क्लीनिंग’ अशी जंत्री असते. ‘आलोच आहोत तर होऊन जाऊ द्या’ असे म्हणून एक वर्ग मुकाट सही करतो. दुसरा वर्ग या बिलाला कंटाळून पुढच्या वेळी गावातल्याच मेस्त्रीकडे जातो आणि सर्व द्रवांचा विचारच सोडून देतो. पहिल्याचा खिसा रिकामा होतो, दुसऱ्याचा कदाचित जीव धोक्यात येतो. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे प्रत्येक द्रव कशामुळे म्हातारा होतो हे समजून घेणे.

मोटारीतील द्रवांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही द्रव चालण्याने झिजतात, तर काही नुसत्या काळाने. पहिल्यांचा हिशेब किलोमीटरवर, दुसऱ्यांचा कॅलेंडरवर. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो, कारण अशी गाडी सहसा रोजच्या वापरात नसते. रविवारी बाहेर पडणारी मोटार वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालली, तर किलोमीटरवर झिजणारे द्रव वर्षानुवर्षे ठणठणीत राहतात आणि कॅलेंडरवर झिजणारे मात्र गाडी उभी असतानाही नासत असतात. सरसकट ‘सगळे बदला’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा आणि ‘गाडी चाललीच कुठे, राहू द्या’ हे समाधानही तितकेच चुकीचे.

कॅलेंडरच्या वर्गात पहिला मान ब्रेकमधील द्रवाचा. आपल्याकडे सर्रास त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, पण ते तेल नव्हे. हा ग्लायकॉलवर्गीय द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ४ प्रतीचा कोरा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसला उकळावा असे मानक सांगते, तर त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. सोलापूर-धुळे महामार्गावर मांजरसुंब्याचा घाट उतरताना किंवा धारूरच्या घाटात वळणागणिक ब्रेक दाबताना तो जाणवू शकतो. द्रव उकळला की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय थेट तळाला टेकतो. वजन, वेग आणि वेगाने थांबण्याची सवय या तिन्ही गोष्टी स्पोर्ट्स कारमध्ये अधिक असल्याने येथे काटकसर करू नये. अनेक युरोपीय कंपन्या हा द्रव दर दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात आणि तो सल्ला किलोमीटर न पाहता पाळावा. बिलात ही रक्कम तुलनेने किरकोळ असते आणि म्हणूनच की काय, विक्रीचा जोर तिच्यावर क्वचितच असतो.

इंजिन ऑइल दोन्ही वर्गांत मोडते. पुस्तिकेत साधारणपणे दहा ते पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा नियम असतो. कमी चालणाऱ्या गाडीला वर्षाचा निकष लागू होतो. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, पेट्रोलचा अंश व पाण्याची वाफ तेलात मिसळते आणि त्यात आम्ल तयार होते. टर्बोचा दांडा याच तेलावर फिरतो आणि निवतोही. तेव्हा वर्षाला एकदा तेल बदलणे रास्त, पण दर पाच हजारांनी बदलण्याचा आग्रह पुस्तिकेत आधार नसेल तर केवळ गल्ल्याचा. याहून महत्त्वाचे आहे ते तेल कोणते घातले हे. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. त्या इंजिनासाठी वाहन कंपनीने मान्य केलेले प्रमाण वेगळ्या क्रमांकाने दिलेले असते. तो क्रमांक जुळत असेल तर डब्यावर कोणाचे नाव आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. तो जुळत नसेल तर महागडे तेलही कुचकामी.

कूलंटच्या बाबतीत तर उलटा प्रकार आहे. आधुनिक दीर्घायुषी कूलंट पाच वर्षे, काही गाड्यांत त्याहूनही अधिक टिकते. दर सर्व्हिसिंगला ते बदलण्याचे कारण नाही. परंतु उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो त्या मुलखात पातळी उतरली की बोअरचे पाणी ओतण्याची सवय सर्वत्र आहे. जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि गंजरोधक पातळ होतात. एका बादलीभर पाण्याने पाच वर्षांच्या द्रवाचे आयुष्य एका हंगामावर येते. रंग पाहून दोन जातींची कूलंट एकत्र करणेही तसेच घातक, कारण रंगाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही.

खरा वाद आहे तो गिअरबॉक्सचा. काही कंपन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल ‘आजन्म’ असल्याचे सांगतात. आजन्म म्हणजे कोणाचा जन्म, हे मात्र स्पष्ट होत नाही. अनेक जर्मन मोटारींना आठ गतींचा गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे या टप्प्यावर तेल बदलण्याची शिफारस करते. फोक्सवॅगन समूहाच्या सहा गतींच्या, तेलात भिजलेल्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सला ६० हजार किलोमीटरचा नियम आहे. म्हणजे येथे दोन टोकाच्या चुका होतात. वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे गिअर ऑइल बदलणे उधळपट्टी आणि ‘आजन्म’ या शब्दावर विसंबून दीड लाख किलोमीटर ते तसेच ठेवणे हा जुगार. डिफरन्शियलचे तेलही बहुतांशी किलोमीटरचेच काम. वर्षाला तीन हजार चालणाऱ्या गाडीने त्याची फार चिंता करू नये.

उरतात ती पुस्तिकेत नसलेली कामे. इंजिन फ्लश, इंधनात घालावयाच्या बाटल्या, तक्रार नसताना केलेली इंजेक्टरची सफाई ही बहुतेक पुस्तिकांच्या वेळापत्रकात आढळत नाहीत. पॉवर स्टीअरिंगचे तेल बदलण्याची सूचना आली, तर आधी गाडीचे स्टीअरिंग विजेवर चालते का हे पाहावे. अलीकडच्या बहुसंख्य गाड्यांत ते विजेवरच चालते, त्यात तेल नसतेच. जे नाही ते बदलण्याची सूचना देणाऱ्याच्या इतर सूचना किती विश्वासाने घ्यायच्या, हे ग्राहकाने ठरवावे.

विक्रेत्याची बाजूही ऐकावयास हवी. नव्या गाडीच्या विक्रीत नफ्याचे प्रमाण बेताचे असते, कार्यशाळेचे भाडे, यंत्रे, पगार भागवायचे ते सर्व्हिसिंग आणि सुट्या भागांतूनच, हे या व्यवसायातील उघड गुपित आहे. शिवाय धूळ, उष्णता, तासन्‌तास रांगेत सुरू असलेले इंजिन, खराब रस्ता यांना पुस्तिकेतच ‘कठीण वापर’ म्हटलेले असते आणि त्यासाठी कमी मुदतीचे वेगळे कोष्टक असते. बीड जिल्ह्यात उसाच्या ट्रॉल्यांमागून धुळीतून रोज जाणाऱ्या गाडीला ते कोष्टक लागू पडते. तेव्हा मुदत कमी सांगितली म्हणजे लबाडीच केली असे नव्हे. मात्र ही मुदत पुस्तिकेतील कोणत्या कोष्टकावरून आली, हे दाखविण्याची जबाबदारी सांगणाऱ्याची आहे.

ग्राहक हे विचारत नाही, कारण त्याला वॉरंटीची भीती असते. ‘बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल’ या एका वाक्यावर बरीच बिले उभी राहतात. या वाक्याला तडा देणारा निर्णय ऑगस्ट २०१४ मध्येच झाला. सुटे भाग व तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलांत गेले. निर्णयामागचे तत्त्व मात्र सेवाकेंद्राच्या काउंटरपर्यंत अद्याप पोहोचलेले नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने, युरोपीय संघात २०१० च्या नियमांनी हेच तत्त्व रुजविले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. हक्क अवतरला तो असा, कायद्याच्या नव्हे तर संकेतस्थळाच्या रूपाने.

या संकेतस्थळासाठी निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारींबरोबर शेतीची अवजारेही आहेत, हे बीडच्या दृष्टीने अधिक मोलाचे. येथे स्पोर्ट्स कार मूठभरांची, ट्रॅक्टर मात्र हजारोंच्या पोटापाण्याचा. त्याचे तेल किलोमीटरवर नव्हे तर चाललेल्या तासांवर बदलायचे असते आणि हंगामात त्याला उसंत नसते. विक्रेत्याचा शब्द आणि मेस्त्रीचा अंदाज यांच्यात ट्रॅक्टरमालकाचीही तीच ओढाताण होते. महागड्या गाडीचा मालक प्रश्न विचारू लागला, तर त्याचा लाभ त्याच्या पलीकडेही पोहोचेल.

त्यासाठी कायद्याचे बळ आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सेवा देणाऱ्याने आवश्यक माहिती हेतुपुरस्सर दडविणे ही त्यात सेवेतील त्रुटी मानली आहे. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे सेवाकेंद्र पुण्यात असले तरी दाद बीडमध्ये मागता येते आणि मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. मात्र तक्रार टिकते ती कागदावर. जॉब कार्डावर प्रत्येक द्रवापुढे बदलाचे कारण, पुस्तिकेतील मुदत आणि घातलेल्या तेलाचा मान्यता क्रमांक लिहून मागणे, गावात काम केले तरी पक्के बिल घेणे, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे वाद मिटतील.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा प्रश्न साखर, रॉकेल आणि वजनमापांचे होते. तराजूचा काटा तेव्हा निदान डोळ्यांनी दिसे. बॉनेटखालचे द्रव दिसत नाहीत, ते बदलले की नाही हेही कळत नाही. म्हणून तेथे काट्याचे काम पुस्तिकेतील कोष्टकाने करावयाचे आहे. ते कोष्टक प्रत्येक सेवाकेंद्राच्या दर्शनी भागात मराठीत लावण्याची सक्ती करावयास सरकारला मोठा खर्च येणार नाही. तोवर गाडीच्या कप्प्यात कोऱ्या करकरीत पडलेल्या पुस्तिकेची पाने मालकानेच उलटावीत.