पुडी एक, पाणी किती?

जुलाब-उलटीचे लेकरू घेऊन आलेल्या आईला मी हटकून विचारतो, "ओआरएसची पुडी कशात घातली?" पुष्कळदा उत्तर येते, "गिलासात." मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. घरचा पेला साधारण 200 मिलिलिटरचा, म्हणजे लिटरचा पाचवा भाग. पुडी तीच, पाणी एक पंचमांश, मीठ पाचपट. योग्य द्रावणात लिटरमागे 75 मिलिमोल सोडियम असते; या पेल्यात ते 375 होते. आपल्या रक्तात असते 140च्या आसपास. आधीच सुकलेल्या बाळाच्या रक्तात एवढे मीठ गेले तर झटके येऊ शकतात. 200 मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते, म्हणून तर पुडीवरचे वाचायचे.

आईला अडाणी म्हणून मोकळे होऊ नये. तिने शाळेत अपूर्णांक सोडवलेत. पण कसे? वर्तुळाचे चार भाग करा, एक रंगवा.

माझे म्हणणे, गुरुकुंज मोझरीसारख्या गावातल्या शाळेत अपूर्णांक पाण्यापासून सुरू व्हावा. लिटरची बाटली किती पेल्यांनी भरते, ते पोरांनी स्वतः मोजावे. मगच फळ्यावर 1/5 यावा. आपली भाषा तर तयारच आहे. दुकानातून दीड किलो साखर बिनचूक आणणारे पोरगे 'एक पूर्णांक एक छेद दोन' पाहून थबकते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी ते थेट औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत घोकून घेत. ती घोकंपट्टी नको, पण ते शब्द वर्गात हवेत.

पुढच्या वर्गांना तापाचे औषध द्या. एका बाटलीत 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, दुसरीत 250. डॉक्टरांनी 150 मिलिग्रॅम सांगितले, तर कोणत्या बाटलीतून किती? पहिलीतून 6 मिलिलिटर, दुसरीतून 3. 'एक झाकण' हे उत्तर चूक धरावे.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, असे गुरुजी म्हणतील. खरे आहे. पण राष्ट्रसंतांच्या ग्रामगीतेत 'ग्राम आरोग्य' आणि 'जीवन शिक्षण' हे दोन्ही अध्याय आहेत; मोझरीत तरी हे दोन विषय वेगळे मानायचे कारण नाही. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात आणि त्याच सुमारास जुलाबाचे पेशंट वाढू लागतात. हा धडा तेव्हाच घ्यावा. रंगीत वर्तुळे दिवाळीनंतर आली तरी चालतील.