टिटवीची अंडी आणि आमचे पुण्य

पंचतंत्रातील टिट्टिभाची कथा ऐकताना आमचे समाजबांधव माना डोलावतात. समुद्राने अंडी गिळली. पक्षी गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे. भगवंतांनी बाण सज्ज करताच समुद्र वठणीवर आला. मात्र गोत्रीच्या मोकळ्या भूखंडावर तीच टिटवी खड्यांत चार अंडी घालते, तेव्हा या श्रोत्यांचे वर्तन काय असते? कोणी तिचे ओरडणे अशुभ मानून दगड भिरकावतो. कोणी अंडी किती नि किती उंचावर, यावरून पावसाचे भाकीत करतो. मग छायाचित्रासाठी गर्दी लोटते, पक्षीण परतू धजत नाही आणि वैशाखाचे ऊन ती अंडी भाजून काढते.

टिटवी अद्याप विपुल आहे, म्हणून तिचे निभते. वाळूवर वीण करणाऱ्या इतरांचे तसे नाही. खालची चोच लांब असलेला पाणचिरा आज जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. चंबळेच्या वाळवंटात तो उन्हाळ्यात अंडी घालतो. पोटाची पिसे भिजवून आणून ती थंड ठेवतो. पाणी ओसरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री, गुरे थेट घरट्यांवर येतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे गावकऱ्यांनाच राखणदार नेमले. आपल्या कोकणात वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने कासवांची घरटी राखली. कूर्मावताराला हात जोडणाऱ्यांना हे ठाऊक असू नये, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

आम्ही हा विषय मंडळात काढला, तेव्हा उत्तर मिळाले : ‘देवाची सेवा सोडून अंड्यांची राखण?’ आमचा प्रतिप्रश्न असा की, उत्सवात पादत्राणे सांभाळणे ही जर सेवा, तर ही का नव्हे? श्वानाला पोळी घालणे भूतदयाच खरी. पण ती घरट्यांच्या वाळूवर नेऊन टाकणे ही कोणती दया? (पोळी दारातही घालता येते.) कावी-कंबोईस स्तंभेश्वराच्या दर्शनाला जाणारे आमचेच लोक भरती-ओहोटीची वेळ काटेकोर पाळतात. टिटवीची अंडी उबण्यास सुमारे चार आठवडे लागतात. तेवढी वेळ पाळणे त्यांना अशक्य नाही.

काम साधे आहे. दोघांनी सकाळ-संध्याकाळ दूर उभे राहावे, कुत्री व बघे परतवावेत, अंड्यांना हात लावू नये, तारखा टिपाव्यात. चैत्रापासून गोत्रीत आरंभ करावा. वह्या आम्ही देऊ. नावे मंदिराच्या कार्यालयात नोंदवावीत.