खेळ आणि मंदावलेली बुद्धी

आपल्या सीमाभागातील घरांतून खेळाला फारशी प्रतिष्ठा नाही. सणासुदीला पट मांडावा, पावसाळ्याच्या दुपारी चौकाबारा खेळावा, एरवी ‘अभ्यास सोडून खेळ कसला?’ हा प्रश्न ठरलेला. त्यात मोबाइलवरचा खेळ म्हटला की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटलीच. ती आठी बऱ्याच अंशी रास्तही आहे. परंतु एका आजाराच्या बाबतीत वैद्यकशास्त्रच आज, मोजूनमापून का होईना, खेळाकडे उपचार म्हणून पाहू लागले आहे. तो आजार तरुणांना गाठतो आणि घरच्यांना सहसा ओळखू येत नाही, म्हणून त्याविषयी चार गोष्टी येथे सांगाव्याशा वाटतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे त्या आजाराचे नाव. विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टन असते, तसे मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच उलटून या आवरणावर हल्ला करते. जागोजागी ते झिजते, तेथे चट्टे पडतात आणि मेंदूचे संदेश अडखळत जाऊ लागतात. कोणाला एका डोळ्याने अंधुक दिसते, कोणाच्या पायांत बधिरता येते, कोणाचा तोल जातो. काही आठवड्यांनी बरे वाटते, आणि विसर पडला असे म्हणेपर्यंत आजार पुन्हा डोके वर काढतो. बहुधा २० ते ४० या वयात त्याची सुरुवात होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. शिक्षण, नोकरी, लग्न, पहिले मूल हे सारे ज्या वयात घडायचे, नेमके तेच हे वय.

हा थंड मुलखातला रोग, आपल्याकडे तो नाहीच, असा समज दीर्घकाळ होता. आपल्याच राज्यात मंगळूर शहरात झालेल्या पाहणीत मात्र लाखामागे आठांहून अधिक रुग्ण आढळले. तेच प्रमाण आपल्याकडे लागू पडेल असे नाही. तरी अंदाजापुरते ते लावून पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार बीदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ४२ लाखांहून अधिक होते. म्हणजे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद अशा गावांतून मिळून साडेतीनशेच्या आसपास माणसे या आजारासह जगत असण्याचा संभव आहे. त्यांतील किती जणांना आपल्या दुखण्याचे नाव ठाऊक असेल?

पायांची दुर्बलता दिसते, बुद्धीची दिसत नाही. पॅरिसमधील नामांकित वैद्य शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे रीतसर वर्णन केले, आणि रुग्णाची स्मृती क्षीण होते, विचार सावकाश आकार घेतो, हेही टिपून ठेवले. पुढे जवळजवळ शतकभर या निरीक्षणाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आज असे मानतात की शंभरांतील चाळीस ते पासष्ट रुग्णांच्या बुद्धिव्यापारांवर कमीअधिक परिणाम होतो. समज जात नाही, शहाणपण जात नाही. जातो तो वेग. ऐकलेले मनात उतरायला वेळ लागतो, दोन कामे एकदम साधत नाहीत, ओठांवर आलेला शब्द सापडत नाही.

आता हे घरात कसे दिसते पाहा. पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणारा मुलगा प्रश्नपत्रिका अर्धी सोडून येतो आणि ‘मन लावत नाही’ म्हणून बोलणी खातो. नवी सून चुलीवर दूध ठेवून विसरते आणि ‘हिचे लक्ष माहेरी’ असा शेरा मिळतो. हात-पाय धड दिसत असताना बुद्धी थकली आहे, हे कोणाला पटावे? आजाराच्या दुःखात अशा दोषारोपाची भर पडते, आणि ती पुष्कळदा आजाराहून जड होते.

या मंदावलेल्या वेगावर हुकमी औषध अद्याप नाही. आजाराचे झटके कमी करणारी औषधे आहेत आणि ती न चुकता घेतलीच पाहिजेत; पण बुद्धीसाठी व्यायाम हाच मार्ग बरा, असे तज्ज्ञांना वाटू लागले. येथे खेळ पुढे आला. जपानचे मेंदूतज्ज्ञ र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाने २००५ साली निन्टेन्डो कंपनीने हातात धरून खेळायच्या यंत्रावर एक खेळ आणला होता: झरझर गणिते सोडवा, आकडे लक्षात ठेवा, रंग ओळखा. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातील संशोधकांनी हाच खेळ या आजाराच्या ३५ रुग्णांच्या अभ्यासात वापरला. काहींनी तो घरीच, दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, असा आठ आठवडे खेळला. बाकीचे प्रतीक्षा यादीत राहिले. खेळणाऱ्यांचे अवधान आणि विचाराचा वेग सुधारल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांनी मेंदूची चित्रे घेऊन दाखवले की, संदेशांची देवघेव करणाऱ्या थॅलॅमस या केंद्राचे इतर भागांशी असलेले संबंधही खेळाने बदलतात.

मग कोणताही खेळ चालेल काय? नाही, आणि हा मुद्दा पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. न्यू यॉर्कमधील संशोधकांनी २०१७ साली १३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला रुग्णाच्या कुवतीप्रमाणे कठीण होत जाणारे अभ्यास दिले, दुसऱ्याला बाजारातले साधे संगणक-खेळ. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाची प्रगती अधिक दिसली. वास्तविक दुसरा गट अधिक तास खेळला होता! तालमीत रोज तेच वजन उचलून बळ वाढत नाही, ते पायरीपायरीने वाढवावे लागते, बुद्धीचेही तसेच. निव्वळ वेळ घालवणारा, रात्र-रात्र जागवणारा खेळ थकव्यात भर घालील. योग्य खेळानेही होणारा लाभ माफकच असतो. झिजलेले आवरण त्याने भरून येत नाही.

तरीही ही पद्धत आपल्या भागाला विशेष सोयीची आहे. बंगळुरात १९७४ साली स्थापन झालेल्या निम्हान्स संस्थेत मेंदूच्या रुग्णांना अशा बौद्धिक पुनःप्रशिक्षणाचे धडे देतात. पण बीदरहून बंगळूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. आपली माणसे मोठ्या दुखण्यासाठी हैदराबाद नाही तर सोलापूर गाठतात, आणि दर आठवड्याला तेथे जाणे कोणाला परवडणार? तज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घ्यावी, अभ्यास ठरवून घ्यावा आणि रोजचा सराव घरी करावा, हेच शक्य व शहाणपणाचे.

त्यात दोन स्थानिक पथ्ये आहेत. पहिले उन्हाचे. अंगातील उष्णता किंचित वाढली तरी या रुग्णांची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे जर्मन नेत्रवैद्य उटहॉफ यांनी १८९० सालीच नोंदवले आहे. कलबुर्गीचा वैशाख म्हणजे चाळीस-बेचाळीस अंशांची भट्टी. तेव्हा सराव पहाटेच्या गारव्यात करावा, दुपारी विश्रांती घ्यावी. उन्हात डोके चालेनासे झाले तर आजार वाढला म्हणून घाबरू नये, पण गारव्यातही लक्षण दिवसभर टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. दुसरे पथ्य भाषेचे. आपल्या घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. ज्याने पाढे मराठीत म्हटले तो हिशेब मराठीत करतो. ज्याने मग्गी म्हटली तो कन्नडात. इंग्रजी शब्दांचे खेळ अशाच्या पुढे ठेवून त्याची बुद्धी मोजू नये. अंक, आकृती, चित्रे यांचे खेळ निवडावेत, आणि तपासणी कोणत्या भाषेत व्हावी हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

घरचा पट आणि बुद्धिबळ यांना औषधाचा दाखला अजून मिळालेला नाही. परंतु सोंगटी मोजायला, पुढचा डाव हेरायला अवधान लागतेच, आणि समोर बसलेले माणूस ही गोष्ट कोणत्याही यंत्रात नाही. संध्याकाळी अर्धा तास भावंडाने समोर बसावे, घाई न करता, ‘चल लवकर’ असे न म्हणता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत या आजाराचा नावाने समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत वाढीव वेळ मागता येतो, आणि ज्याची बुद्धी शाबूत पण गती मंद, त्याला त्याचेच मोल अधिक. रुग्णांसाठी १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही मार्गदर्शन करते. आपल्या घरात कोणी तरुण एकाएकी मागे पडू लागला, त्यातून डोळ्याची वा हातापायांची एखादी तक्रार मागे येऊन गेली असेल, तर बोल लावण्याआधी त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे. आळसाचे निदान घरी करायला सोपे असते; पण ते चुकले तर त्या तरुणाची उमेदीची वर्षे हातची जातात.